हिवाळ्यातले कुरव (सीगल) ओळखताना या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे डोकं बघत बसणं. डिसेंबरात ब्राऊन हेडेड कुरव काय आणि ब्लॅक हेडेड कुरव काय, दोघांचंही डोकं पांढरं आणि डोळ्यामागे एक काळपट ठिपका, बस. मार्चकडे डोकं रंगायला लागतं तेव्हाही दोघं तपकिरीच दिसतात, त्यामुळे तिथेही गंडायला होतं.

पंख बघा. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीमागे हे लागतात तेव्हा इतके जवळून उडतात की मोबाईलवरही फोटो येतो (शेव-कुरकुरे फेकू नका हां, फोटोसाठी पण नाही). ब्राऊन हेडेडच्या पंखाचं टोक चांगलं काळं आणि त्या काळ्यात दोन मोठे पांढरे ठिपके, त्यांना मिरर म्हणतात. ब्लॅक हेडेडच्या पंखाची पुढची कड पांढरी, पाचरीसारखी, आणि काळं फक्त पिसांच्या टोकांना. बसलेल्या पक्ष्यात डोळा बघा, ब्राऊन हेडेडचा फिकट, ब्लॅक हेडेडचा गडद.

आता खरी गोची अशी की हे सगळं प्रौढ पक्ष्याचं झालं. शेपटीला काळी पट्टी दिसली की पक्षी पहिल्या हिवाळ्यातला समजा, आणि या वयात ब्राऊन हेडेडचा डोळाही गडदच असतो, वर मिररही नसतात, म्हणून लोक बिनधास्त ब्लॅक हेडेड लिहून मोकळे होतात. पांढरी पाचर आहे का ते बघा, नसेल तर ब्राऊन हेडेड. पाचर दिसली तरी लगेच उड्या मारू नका, स्लेंडर बिल्ड या तिसऱ्या कुरवालाही ती असते, पण त्याची चोच लांब, कपाळ उतरतं आणि कानाजवळचा ठिपका अगदी पुसट.

मोठ्या कुरवांत पॅलासचा सोपा, पिवळ्या चोचीवर काळा पट्टा आणि पुढे लाल. ह्यूग्लिन्स आणि स्टेप मात्र नुसत्या पाठीच्या रंगावरून ठरवू नका, उन्हाचा कोन बदलला की राखाडी रंग पण बदलतो. मोल्ट, म्हणजे पिसं बदलणं, बघा: ह्यूग्लिन्स पार उत्तरेच्या टुंड्रातून येतो आणि पिसं उशिरा बदलतो, त्यामुळे जानेवारीतही बऱ्याच प्रौढांची पंखाच्या टोकाची पिसं अर्धवट वाढलेली असतात नि पंख बोथट दिसतो. स्टेपचं काम साधारण आधी उरकतं. तरी मधलेअधले पक्षी भेटतातच, अशा वेळी ई-बर्डवर (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ) उपजातीचा हट्ट न धरता नुसतं लेसर ब्लॅक बॅक्ड टाका, हे दोघं त्याच्याच उपजाती, आणि उघड्या पंखाचा फोटो जोडा.