डायव्हर्टरचं गणित मांडताना या चुका टाळा

नागपुरात पारा ४५ च्या पुढे सरकला की शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट तपासून घ्यायला येतात. यंदा दोघींनी फ्यूजन अणुभट्टीचा डायव्हर्टर घेतला होता, म्हणजे प्लाझ्मातून (विद्युतभारित कणांच्या अतितप्त वायूतून) बाहेर पडणारी उष्णता आणि कण झेलणारा भाग. मेहनत मनापासूनची होती, पण चुका नेहमीच्याच.

डायव्हर्टरचा पृष्ठभाग टंगस्टनचा. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतं, मॉडेलमध्ये पृष्ठभाग १८०० वर, म्हणून त्यांनी ‘सुरक्षित’ लिहून टाकलं. वितळबिंदूवर विसंबू नका. साधारण १३०० अंशांच्या वर फार वेळ राहिलं तर टंगस्टनच्या कणांची रचनाच बदलते, ताकद जाते आणि तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत तडे पडतात. त्याच्या पोटातली थंड पाण्याची, तांब्याच्या मिश्रधातूची नळी तर ३५० अंशांच्या आसपासच कमजोर पडू लागते. नळीचं तापमान आधी बघा.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे उष्णता सगळीकडे सारखी धरणं. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या आयटर या प्रायोगिक फ्यूजन अणुभट्टीच्या डायव्हर्टरला दर चौरस मीटरला १० मेगावॅट सतत सोसायचे आहेत. कोराडी वीजकेंद्राच्या बॉयलरच्या नळ्यांवर तेवढ्या जागेत १ मेगावॅटही येत नाही. त्यातून प्लाझ्मा येतो तो चुंबकीय रेषांच्या वाटेने, जेमतेम ३ अंशांच्या कोनात. संध्याकाळी फुटाळा तलावावर उन्हं कलली की पदपथाचा जरासा वर आलेला ब्लॉक बघा, त्याची उभी कडच लख्ख उजळते. इथेही तसंच. उघड्या कडेवर सपाट भागाच्या सुमारे १९ पट भार पडतो. इंग्लंडमधल्या जेट या फ्यूजन यंत्रात २०१३ साली टंगस्टनची एक पट्टी मुद्दाम वर काढून ठेवली होती. ती प्लाझ्माच्या झटक्यांनी वितळली. म्हणूनच आयटरच्या डायव्हर्टरमधल्या टंगस्टनच्या ठोकळ्यांना अर्ध्या मिलिमीटरचा उतार दिलाय. मुलींना मी एकच ठोकळा ०.३ मिलिमीटर वर उचलून मॉडेल पुन्हा चालवायला लावलं. पडद्यावर ती कड लालभडक झाली आणि दोघी गप्प झाल्या.

‘प्लाझ्मात निऑन वायू सोडला की काम झालं’ असंही धरू नका. निऑन उष्णता प्रकाशरूपाने चहूकडे विखुरतो, हे खरं. पण टार्गेटजवळचा (डायव्हर्टरच्या ज्या पृष्ठभागावर प्लाझ्मा आदळतो, त्याच्याजवळचा) प्लाझ्मा पुरेसा थंड झाला नाही, तर तेच जड निऑन आयन टंगस्टन खरवडतात. ड्युटेरियमला त्यासाठी २०० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (कणांची ऊर्जा मोजायचं एकक, प्लाझ्माचं तापमानही यातच सांगतात) वर ऊर्जा लागते, निऑनला खूपच कमी. उलट गॅस जास्त झाला तर प्लाझ्माचा गाभाच थंडावतो. त्यामुळे गॅसच्या आकड्यापेक्षा टार्गेटजवळच्या तापमानावर नजर ठेवा. ते ५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली हवं.

आणि झीज फारच मोठी दिसत असेल, तर उडालेले बरेचसे टंगस्टन अणू आयन होऊन लगेच तिथेच परत बसतात, ते वजा केलेत का, ते तपासा. या मुलींनी केले नव्हते.