बलस्थाने ओळखताना या चुका टाळा

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्या टेबलावर फायली येऊ लागतात. त्यांत गुणपत्रिका असतात, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची प्रमाणपत्रे असतात, कुठल्याशा वक्तृत्व स्पर्धेतील उत्तेजनार्थ बक्षिसाचा कागद असतो आणि अलीकडे गुळगुळीत कागदावर छापलेला एखादा रंगीत अहवालही असतो. पालक फाईल पुढे सरकवतात आणि म्हणतात, "सर, याचा स्ट्राँग पॉइंट तेवढा सांगा, म्हणजे आम्ही ॲडमिशनचं बघायला मोकळे." गेली वीस वर्षे विद्यार्थ्यांना आणि नोकरी बदलू पाहणाऱ्या प्रौढांना मार्गदर्शन करताना मला याच वाक्याचा सर्वाधिक कंटाळा आला आहे, कारण ज्या गोष्टीचा पुरावा मुलाच्या चार-पाच वर्षांच्या वागण्यात विखुरलेला असतो, तो त्या फायलीत नसतो आणि माझ्या अर्ध्या तासात तर नसतोच.

आवड आणि क्षमता यांना एकच समजणे, ही सर्वांत जुनी चूक आहे. २०१६ साली राज्यात दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कलमापन चाचणी सुरू झाली, तेव्हा तिच्या नावातच ‘कल’ हा शब्द होता. तरीही ‘गणवेशधारी सेवा’ असा निष्कर्ष घेऊन आलेल्या मुलाचे वडील "म्हणजे हा पोलीस भरतीत निघणार ना?" असे विचारत, आणि सोळाशे मीटर धावताना त्याचे काय होते हे त्यांनी एकदाही पाहिलेले नसे. आवड खरी असते, परंतु ती बहुधा कामाच्या दर्शनी भागाची असते. म्हणून मी त्या कामातील कंटाळवाण्या भागाबद्दल विचारतो. गाणे आवडत असेल, तर पहाटे उठून तासभर खर्ज लावायला मुलगी बसते का? प्रोग्रामिंग आवडत असेल, तर एका अर्धविरामासाठी अडलेला प्रोग्राम मुलगा स्वतः तपासत राहतो, की मित्राकडून तयार उत्तर मागवून झोपतो? या प्रश्नांची उत्तरे मुले सहसा खरी देतात. पालक मात्र मध्येच बोलतात, म्हणून त्यांना मी तेवढ्यापुरते बाहेर बसवतो.

ज्या चुकीने माझा पारा चढतो, ती म्हणजे बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणाऱ्या चाचणीवर विश्वास ठेवणे. गर्भावस्थेच्या साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बोटांवरच्या रेषा तयार होतात आणि पुढे आयुष्यभर त्यांची नक्षी तशीच राहते, एवढे खरे आहे. मेंदूही त्याच काळात घडत असतो, म्हणून रेषांवरून मेंदू वाचता येतो, ही पुढची उडी मात्र विकणाऱ्यांनी मारलेली आहे. इंडियन सायकियाट्रिक सोसायटी या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीरपणे सांगितले, तरी शाळांच्या स्नेहसंमेलनांत तिचे टेबल अजून लागते.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावातील किराणा दुकानदार धाकट्या मुलाचा असा अहवाल घेऊन माझ्याकडे आले. थोरल्या मुलीचा अहवाल त्यांनी दोन वर्षांपूर्वीच काढला होता, आणि त्यात ‘दृश्यकला’ आल्यामुळे तिला कॉमर्स सोडायला लावून इंटिरियर डिझाइनच्या एका खासगी अभ्यासक्रमाला घातले होते. ही मुलगी आठवीपासून दुकानाची उधारीची वही सांभाळत होती. कोणाकडे किती थकले आहे आणि कोण सणाच्या आधी पैसे देतो, हे तिला तोंडपाठ होते. डिझाइनच्या पहिल्या वर्षी तिचे दोन विषय राहिले आणि ती घरी परतली. मी त्यांना थोरलीचाही अहवाल आणायला सांगितला आणि पुढच्या भेटीत दोन्ही अहवाल शेजारी ठेवले. स्वभावाचा परिच्छेद दोन्हींत शब्दशः एकच होता: नेतृत्वाची क्षमता आहे, पण कौतुक न झाल्यास मन दुखावते, वगैरे. आणि धाकट्याच्या अहवालात एकोणिसाव्या पानावर, रंगीत चौकटीच्या आत, तिसऱ्याच कोणा मुलाचे नाव राहून गेले होते. त्या गृहस्थांनी त्या नावावर बोट ठेवले, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचले आणि विचारले, "हा कोण?"

ते गृहस्थ भोळे नव्हते. उधारीवर माल देताना ते माणूस पारखून घेतात. असे परिच्छेद वाचणाऱ्याला स्वतःचेच वाटतात, हे बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये दाखवून दिले होते. त्याने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली, प्रत्येकाला ‘खास तुमचे’ म्हणून एकच वर्णन दिले आणि ते कितपत जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले, सरासरी ४.२६ आली. वर्णनातील वाक्ये त्याने बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. त्या दुकानदारांच्या भेटीपासून मी पालकांना एकच कसोटी सांगतो: अहवालावरचे नाव झाकून त्यावर शेजारच्या मुलाचे नाव घाला आणि वाचून पाहा. तरीही पटला, तर तो अहवाल तुमच्या मुलाचा नाही.

गुणांनाच बलस्थान समजू नका. तीन शिकवण्यांच्या जोरावर मिळालेले गणितातले पंच्याण्णव गुण त्या शिकवण्यांचेही असतात. नातेवाइकांना ‘माझ्यात काय चांगलं आहे?’ असे विचारू नका, कारण ते ‘तुझा स्वभाव फार छान’ म्हणतील आणि तुम्ही होता तिथेच राहाल. त्याऐवजी गेल्या वर्षभरात कोण कोणत्या कामासाठी आपण होऊन तुमच्याकडे आले, हे आठवा. चार इंग्रजी अक्षरांचा व्यक्तिमत्त्वाचा शिक्का मोबाईलवर दहा मिनिटांत मिळवून तो मुलाखतीत सांगू नका. आणि ‘भाषा हे माझे बलस्थान नाही’ या वाक्याचा उपयोग इंग्रजीचा अर्ज लिहायला न शिकण्यासाठी करू नका. तो आळस आहे आणि त्याला मानसशास्त्राचे नाव देण्याची गरज नाही.

आता ज्या चुकीत मी स्वतः सापडलो, तिच्याबद्दल सांगतो. स्पर्धा परीक्षेची चार वर्षे तयारी केलेला एक तरुण माझ्याकडे आला होता. "सर, माझ्यात काहीच नाही," हे त्याचे पहिले वाक्य होते. मी त्याची अभिक्षमता चाचणी, म्हणजे कोणत्या कामाची अंगभूत क्षमता किती आहे हे मोजणारी कसोटी, घेतली, गुण मध्यम आले, आणि मी त्याला मध्यम सल्ला देऊन परत पाठवले. सहा महिन्यांनी तो पुन्हा आला, तेव्हा पाच मिनिटे उशीर झाल्याचे कारण सांगताना म्हणाला, "मेसचा हिशोब लावत होतो." मी तोच धागा धरला. वीस-बावीस मुले मिळून एका मावशींकडून स्वयंपाक करून घेत होती आणि महिनाअखेरीस खाड्यांवरून हमखास भांडणे होत असत. याच्याआधी चौघांनी हिशोब हाती घेऊन सोडला होता. याने एक फुलस्केप वही आखली, ज्याचा खाडा त्याने आदल्या रात्री नऊच्या आत सांगायचा असा नियम केला, आणि दोन महिन्यांच्या नोंदी पाहून शनिवारी निम्मी मुले गावी जातात हे त्याच्या लक्षात आले. त्याने मावशींना शनिवारची कणीक कमी भिजवायला सांगितले, सिलिंडर किती दिवस पुरतो हे टिपायला सुरुवात केली, आणि माणशी वर्गणी खाली आली. हे सगळे तो मला माफी मागितल्यासारखे सांगत होता. "ते काय सर, कोणीही करेल," असेही तो म्हणाला. चौघांना ते जमले नव्हते, हे त्याच्या ध्यानातच नव्हते.

जे आपल्याला सहज जमते त्याची किंमत आपल्याला वाटत नाही, कारण त्यात घाम गाळल्याची आठवण नसते. कष्टाने मिळवलेलेच खरे, असे आपल्याकडे लहानपणापासून बिंबवलेले असते, आणि म्हणून मुले स्वतःची सर्वांत चांगली गोष्ट फाईलमध्ये लावतच नाहीत. हल्ली मी पहिल्याच भेटीत विचारतो की कोणते काम दुसऱ्याने गोंधळ घालून केलेले पाहिले की तुझी चिडचिड होते. तो तरुण सध्या एका औषध वितरकाकडे साठा आणि खरेदी पाहतो. पहिल्या भेटीत मी हा प्रश्न विचारला असता, तर त्याचे सहा महिने वाचले असते.

यावर माझा उपाय फार साधा आहे, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही. पीटर ड्रकर या व्यवस्थापन विचारवंतांनी असे सुचवले होते की महत्त्वाचा निर्णय घेताना काय घडेल अशी अपेक्षा आहे ते लिहून ठेवावे आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्ष निकालाशी ताडून पाहावे. मी हेच कालनिर्णयच्या चौकटीत करतो, जिथे आमच्या घरी दुधाचे खाडेही लिहिले जातात. चार-पाच शब्द पुरतात: ‘व्याख्यान, शंभर मुले, दहा येतील’. दोन वर्षांच्या नोंदी वाचल्यावर मला कळले की ज्या व्याख्यानांचा मला अभिमान होता, त्यांतून पुढे जवळजवळ कोणीच येत नव्हते, आणि समोरासमोर बसून केलेल्या बोलण्यातून मात्र माणसे पुन्हा येत होती. मी व्याख्याने घेणे कमी केले. वाईट वाटले, पण केले. नवख्यांना मी किमान तीन महिने लिहायला सांगतो. आठव्या दिवशी फोन येतो, "सर, काही पॅटर्न दिसत नाही." आठ दिवसांत उसाच्या लागणीला नीट कोंबही फुटत नाहीत, फोन करणाऱ्यांत ऊस पिकवणाऱ्यांची मुलेही असतात, याचे मला नवल वाटते.

चाचण्यांना माझा विरोध नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून प्रज्ञावान मुलांच्या निवडीसाठी मानसशास्त्रीय कसोट्यांचा गंभीरपणे वापर केला आहे, आणि शाब्दिक तर्क, अंकगणिती क्षमता, अवकाशीय आकलन वेगवेगळे मोजणारी नीट प्रमाणित केलेली अभिक्षमता चाचणी प्रशिक्षित माणसाने घेतली, तर ती उपयोगी पडते. ती सुरुवातीला घेऊन मोकळे होण्याची घाई मात्र करू नये. मी आता आधी तीन महिन्यांची वही मागतो, चाचणी त्यानंतर घेतो आणि दोन्ही जुळली नाहीत, तर आधी वही पुन्हा वाचतो. चाचणीच्या दिवशी मुलाच्या अंगात ताप होता, हे मला दोनदा तरी वहीतच सापडले आहे.