हर्डी-गर्डी आणि सिंथेसायझर यांचा मेळ कसा बसवावा

मध्ययुगीन वाद्ये आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी एकत्र आणताना बहुतेक जण आधी ड्रम मशीन लावतात आणि तिथेच फसतात, कारण या संगीताचा पाया ताल नसून अखंड चालणारा आधारस्वर आहे. एर्न्स्ट हॉर्न आणि मिखाएल पॉप यांनी १९९१ मध्ये जर्मनीत स्थापन केलेल्या 'क्न्टाल' या बँडने स्पेनमधील मॉन्सेरातच्या मठातील चौदाव्या शतकाच्या हस्तलिखितातले 'आद मॉर्तेम फेस्तिनामुस' हे गीत इलेक्ट्रॉनिक साथीवर बसवले. ते एकदा लक्षपूर्वक ऐकून मगच काम हाती घ्यावे.

प्रथम हर्डी-गर्डी, म्हणजे हाताने चाक फिरवून आणि कळा दाबून वाजवायचे तंतुवाद्य, सुरात लावावी. राळ लावलेले चाक तारांवर घासते आणि तारांना चाकापाशी कापूस गुंडाळलेला असतो; तो जास्त झाला की आवाज दबतो, कमी झाला की किंचाळतो. तिच्या एका तारेखालचा छोटा, सैल घोडा चाकाला झटका दिला की गुणगुणतो, जणू तालात वाजणारी जवारीच. हा झटकाच गाण्याची लय ठरवू द्यावा आणि यंत्राचे ठोके नंतर त्याच्याशी जुळवावेत.

खरी अडचण स्वरांची असते. सिंथेसायझरचा पंचम सप्तकाच्या बारा समान भागांतील विभागणीमुळे ७०० सेंटवर येतो (सेंट म्हणजे अशा एका भागाचा शंभरावा हिस्सा), तर कानाने लावलेला शुद्ध पंचम सुमारे ७०२ सेंटवर असतो. फरक नगण्य वाटतो, परंतु २२० हर्ट्झच्या षड्जावर दोन्ही पंचम दीर्घकाळ एकत्र वाजले, तर त्यांतून संथ हेलकावे उमटतात. म्हणून सिंथेसायझर वाद्याशी जुळवून घ्यावा, वाद्य सिंथेसायझरशी नव्हे. गांधाराचा फरक याहून मोठा असल्याने साथीच्या स्वरसंघातातून तो वगळून केवळ षड्ज, पंचम आणि वरचा षड्ज ठेवावा. मध्ययुगीन युरोपातही याच अंतरांना पूर्ण संवादी मानत. चालीसाठी डोरियन मोड (मध्ययुगीन युरोपीय संगीतातली एक स्वररचना) घेतल्यास काफी थाटाची ओळख असणाऱ्यास तो परका वाटणार नाही, कारण कोमल गांधार आणि कोमल निषाद दोन्हींकडे तेच आहेत. अर्थात, रागाच्या हरकती मात्र इथे आणू नयेत.

शेवटी गायन. दगडी चर्चचा आभास देणारा दीर्घ रिव्हर्ब (घुमारा) फक्त आवाजाला द्यावा आणि त्यातील सुमारे २०० हर्ट्झखालचा भाग कापावा. हर्डी-गर्डी जवळजवळ कोरडीच ठेवली, तर तिच्या कळांची खटखट ऐकू येते, आणि ती पुसून टाकू नये.