चर्चतर्फे गरजूच्या घरी जाताना

दारात उभं राहिल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: "मावशी, आम्ही चर्चमधून आलोय. मदतीसाठी धर्म बदलावा लागत नाही, प्रार्थनेलाही यावं लागत नाही." गरिबांच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या संत विन्सेंट डी पॉल सोसायटीची सभासद म्हणून मी अकरा वर्षं नालासोपाऱ्याच्या चाळींत फिरतेय. आधी हे मी निघताना सांगायचे. तोवर घरची बाई तांदळाच्या पिशवीकडे नुसती बघत बसायची, बदल्यात काय मागतील या धास्तीनं. गळ्यातला क्रूस मात्र लपवू नका. लपवलं की संशय खराच वाटतो.

नेहमी दोघांनी जा. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. नोंदीची वही घरातून बाहेर पडल्यावरच उघडा. पहिल्या भेटीत पैशाचा शब्द देऊ नका, आधी रेशनकार्ड बघा. पोरांची नावं चढलीत का? अंगठा जुळतो का? हक्काचं धान्य अडलं असेल तर शिधावाटप कार्यालयाच्या रांगेत त्यांच्यासोबत उभं राहणं आपल्या पाच किलो तांदळापेक्षा जास्त कामाचं. दवाखान्याचा खर्च मोठा असेल तर आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का ते विचारा. फी शाळेत जाऊन भरा, पावती मुलाच्या नावाची घ्या.

फोटो काढू नका. यावरून मी आमच्याच माणसांशी भांडलेय. देणगीदारांना दाखवायला काहीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं. मग हिशेब दाखवा! चर्चकडे गडगंज पैसा आहे असं बाहेरच्यांना वाटतं आणि मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बसणाऱ्या आपल्या लोकांनाही. महिन्याला किती तांदूळ गेला, किती फी, किती औषधं, हे फलकावर लावा. कुटुंबांची नावं लावू नका.

"तुमचं चर्च गरिबांसाठी करतं तरी काय?" असं कुणी टोचून विचारलं तर चिडू नका. पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम या विद्यार्थ्याला हेच ऐकावं लागलं होतं. त्यानं आणि मित्रांनी गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली आणि 1833 साली आमची सोसायटी उभी राहिली. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. नव्या पोरांना मी हे आवर्जून सांगते.

आठ दिवसांनी परत जा, या वेळी पिशवीशिवाय. दहा मिनिटं बसा, पोराचा ताप उतरला का विचारा. चहा दिला तर प्या, बिनदुधाचा असला तरी.