फाउस्ट आणि सुपरकोलायडर जोडताना या चुका टाळा

फाउस्ट या आवाज घडवण्याच्या प्रोग्रॅमिंग भाषेत तानपुऱ्याची एक तार लिहिली, ब्राउझरमध्ये ती झकास झंकारली. मग तिचं सुपरकोलायडर या संगीताच्या सॉफ्टवेअरसाठी प्लगइन बनवायला 'फाउस्टटूसुपरकोलायडर' ही आज्ञा चालवली, आणि सुपरकोलायडरमध्ये शुकशुकाट. इथे बहुतेक जण पुन्हा डीएसपी फाइल (फाउस्टचा मूळ कोड) उघडून तारेचा कोड चिवडायला बसतात. मीही बसायचो. दोष सहसा तिथे नसतो.

सुपरकोलायडर म्हणजे एक प्रोग्रॅम नव्हे, दोन. एससीलँग ही भाषा आणि एससीसिंथ हा प्रत्यक्ष आवाज काढणारा सर्व्हर. दोघं ओएससी नावाच्या पद्धतीच्या संदेशांतून एकमेकांशी बोलतात. म्हणूनच एका डीएसपी फाइलमधून आपल्याला दोन फायली मिळतात: भाषेसाठी 'डॉट एससी' क्लास आणि सर्व्हरसाठी बायनरी (लिनक्सवर 'डॉट एसओ', मॅक आणि विंडोजवर 'डॉट एससीएक्स'). दोन्ही एक्स्टेन्शन्स फोल्डरमध्ये हव्यात. तो फोल्डर शोधत बसू नका, 'प्लॅटफॉर्म डॉट यूजरएक्स्टेन्शनडिर' चालवलं की पत्ता मिळतो.

एरर कोणती येते ते आधी नीट वाचा. क्लास सापडत नाही म्हणत असेल तर गाडं भाषेपाशी अडलंय: क्लास लायब्ररी रीकंपाइल करा. शिवाय नाव तपासा, कारण आपणहून पुढे 'फाउस्ट' जोडलं जातं आणि तानपुरा डॉट डीएसपीचा क्लास 'फाउस्टतानपुरा' होतो. 'यूजेन नॉट इन्स्टॉल्ड' (यूजेन म्हणजे सर्व्हरमधला आवाज बनवणारा घटक) आलं तर भाषा ठीक आहे, सर्व्हरला बायनरी मिळालेली नाही. प्लगइन्स तो फक्त बूट होताना वाचतो, तेव्हा रीबूट करा. रीबूटनंतरही तेच रडगाणं असेल तर बायनरी कुठल्या प्रोसेसरसाठी बनली ते पाहा; इंटेलसाठी बनवलेली फाइल ऍपल सिलिकॉनवर थेट चालणाऱ्या सर्व्हरला चालत नाही. एससीसिंथऐवजी सुपरनोव्हा हा पर्यायी सर्व्हर वापरत असाल तर त्याची बायनरी वेगळी बनवावी लागते.

याहून छळणारी चूक म्हणजे एररच न देणारी. डीएसपीमध्ये एका स्लायडरचं (किंमत बदलायच्या नियंत्रणाचं) लेबल बदललं, बायनरी बदलली, 'डॉट एससी' मात्र जुनीच राहिली. भाषा सर्व्हरला किमती क्रमाने पाठवते, नावाने नाही. मग जवारीची किंमत कटऑफमध्ये जाऊन बसते आणि आपण कान टवकारून फिल्टरला दोष देत राहतो. त्यात फाउस्ट एका गटातले स्लायडर लेबलच्या अकारविल्हे लावतो, त्यामुळे लेबलचं पहिलं अक्षर बदललं की स्लायडरची जागाही बदलू शकते. लेबलच्या सुरुवातीला चौकटी कंसात [1], [2] असे आकडे घाला, नवा स्लायडर शेवटी टाका आणि दोन्ही फायली नेहमी जोडीनेच बदला. डिस्कवर साठवलेल्या सिंथडेफमध्येही (सर्व्हरसाठीच्या वाद्याच्या आराखड्यात) जुना क्रम गोठलेला असतो. ते पुन्हा बनवा.

स्टीरिओचा घोळ तर ठरलेला. तुमच्या रिव्हर्बला (घुमारा देणाऱ्या इफेक्टला) डावा आणि उजवा असे दोन इनपुट हवेत, आणि तुम्ही दोन चॅनलचा ऍरे पहिल्याच जागी दिलात. सुपरकोलायडर त्याचं मल्टिचॅनल एक्स्पान्शन करतो: एका रिव्हर्बऐवजी दोन रिव्हर्ब, आणि प्रत्येकाचा दुसरा इनपुट रिकामा. ऍरेपुढे तारांकन लावून तो उलगडा.

किंमत बदलूनही आवाज ढिम्म असेल तर स्लायडरची कमाल मर्यादा पाहा. बाहेरची किंमत मुकाट्याने छाटली जाते. आणि स्लायडर ब्लॉकला एकदाच वाचला जातो (ब्लॉक मुळात 64 सॅम्पलचा), त्यामुळे वेगवान मॉड्युलेशन हवं असेल तर ते स्लायडरने नको, ऑडिओ इनपुटनेच आत घ्या. साध्या बदलांतली खरखर 'एसआय डॉट स्मू' या फाउस्टच्या फंक्शनने जाते, ते किमतीतली उडी गुळगुळीत करतं.

मेमरीचं गणित एकदा मांडून बघाच. 48000 सॅम्पल रेटला 10 सेकंदांची डिले लाइन म्हणजे 480000 सॅम्पल. फाउस्ट ती दोनाच्या पुढच्या घातापर्यंत, 524288 पर्यंत वाढवतो. प्रत्येकी 4 बाइट धरले की झाले 2 एमबी. एससीसिंथचा रिअल-टाइम मेमरीचा साठा मुळात 8192 केबी, आणि फाउस्टचा यूजेन त्यातूनच जागा घेतो. तीन सिंथ वाजतात, चौथा अडतो. 'एस डॉट ऑप्शन्स डॉट मेमसाइझ' बूट करण्याआधी 65536 करा; बूट झाल्यावर केलेल्या बदलाला पुढच्या बूटपर्यंत अर्थ नाही. डिलेची कमाल लांबीही उगाच सढळ हाताने लिहू नका.

एवढं करून तार वाजली पण सूर चढा लागला, तर कोडमध्ये कुठेतरी 44100 हा आकडा हाताने लिहिलेला असणार. सर्व्हर 48000 वर चालला की काळी एकचा सा पांढरी दोन आणि काळी दोनच्या अधेमधे जाऊन बसतो. तो आकडा काढा, तिथे 'एमए डॉट एसआर' (सर्व्हरचा चालू सॅम्पल रेट) लिहा, आणि हो, दोन्ही फायली पुन्हा बनवा.