फोर-बाय-फोरला बाहेरचं ट्रॅक्शन कंट्रोल: काम रखडू नये म्हणून

बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीकडच्या लाल चिखलासाठी ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे घसरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारी सिस्टीम, बसवायची तर जूनची वाट पाहू नका. गाडी उघडून ठेवल्यावर एक सेन्सर कमी निघाला की ती आठवडेच्या आठवडे गॅरेजमध्येच उभी राहते.

आधी चारही चाकांना एबीएस सेन्सर (चाकाचा वेग मोजणारे) आहेत का ते बघा. नसतील तर 4 दातेरी रिंगा, 4 सेन्सर आणि त्यांचे ब्रॅकेट लागतात, चाकांचे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) उतरवावे लागतात. ब्रॅकेट आणि हबचं टर्निंग बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चांगलं होतं, पण माप आधी द्या. रिंग जराही वाकडी बसली तर सेन्सरचं अंतर चाकागणिक बदलतं आणि संथ वेगात सिग्नल तुटतो. नेमकी तेव्हाच तर सिस्टीम लागते!

सगळ्यात जास्त खोळंबा ब्रेकच्या पाइपांमुळे होतो. एम10×1 (10 मिमी व्यास, 1 मिमी अंतराचे आटे) आणि 3/8 इंच 24 आटे (इंचाला 24) यांचे नट दिसायला सारखेच. चुकीचा नट दोन आटे जातो, मग अडतो. जोर लावला की मॉड्युलेटरचे, म्हणजे प्रत्येक चाकाचा ब्रेक-दाब सांभाळणाऱ्या युनिटचे, आटे गेले. फ्लेअरचा (पाइपच्या पसरट टोकाचा) आकारही जुळलाच पाहिजे. किट हातात येताच प्रत्येक नट हाताने फिरवून बघा, गाडी त्यानंतरच खोला.

मॉड्युलेटरमधली हवा नुसतं पेडल मारून पूर्ण निघत नाही. पंप चालवणारा स्कॅनर मेकॅनिककडे आहे ना, हे आधीच विचारा. ब्रेक ऑइल किटमध्ये सांगितलेलंच, नवं सीलबंद घ्या.

चारही टायर एकाच मापाचे हवेत, नाहीतर चाकांचे वेग वेगळे दिसून सरळ रस्त्यावरही ब्रेक लागतील. आणि मूळ रचनेतला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली येतो, म्हणून आरटीओत आधी विचारून घ्या.