रेंज फुल असून नेट अडकतंय? आधी राऊटर चार बोटं सरकवून बघा

उन्हाळा लागला की नागपुरात खिडकीत कूलर बसतो, आणि आमच्या मनीष नगरच्या घरी नेमका तेव्हाच सिमवाला राऊटर त्रास द्यायला लागायचा. दोन वर्षं मी सिम बदल, प्लॅन बदल, कस्टमर केअरला फोन कर हेच करत बसलो. मग एका दुपारी बाबांचा पुण्याच्या ताईशी व्हिडिओ कॉल चालू होता, बाबा पाणी प्यायला उठले की आवाज तुटायचा आणि परत खुर्चीत येऊन बसले की साफ, असं तीन वेळा झालं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माणूस हलल्यावर सिग्नल हलत असेल तर टॉवर दूर असणं हे कारण नाही, हे फेडिंग आहे.

फेडिंग म्हणजे काय ते आधी समजून घ्या, कारण बाकीचं सगळं त्यावरच आहे. टॉवरची लहर आपल्याकडे एकाच वाटेनं येत नाही. थोडी सरळ येते, थोडी समोरच्या बिल्डिंगला आपटून, थोडी टिनाच्या शेडवरून, थोडी घरातल्याच लोखंडी आलमारीवरून आणि कूलरच्या पत्र्यावरून. या सगळ्या लहरी अँटेनापाशी एकत्र येतात, उंचवट्यावर उंचवटा आला तर सिग्नल वाढतो, उंचवट्यावर खळगा आला तर एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून एकाच खोलीत काही जागा चांगल्या असतात आणि त्यांच्या अगदी बाजूलाच मेलेल्या जागा असतात.

किती बाजूला? साधारण अर्धी तरंगलांबी (लहरीच्या एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर म्हणजे तरंगलांबी). 1800 मेगाहर्ट्झच्या फ्रिक्वेन्सीला तरंगलांबी जवळपास 17 सेंटीमीटर, म्हणजे अर्धी 8, चार बोटं. 700 मेगाहर्ट्झला अर्धी 21 सेंटीमीटर, एक वीत. 3500 वाल्या फाईव्ह जीला दोनच बोटं. म्हणून राऊटर या खोलीतून त्या खोलीत न्यायच्या आधी त्याच टेबलावर चार बोटं सरकवून बघायचा, खूपदा तेवढ्यानंच काम होतं.

पण अंदाजानं नका सरकवू भाऊ, मोजा. फोनवरच्या काड्या बघून काही कळत नाही. राऊटरच्या सेटिंग पेजवर आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती साफ) असे दोन आकडे दिसतात, अँड्रॉइड फोनमधे सिम स्टेटसमधे डीबीएमचा, म्हणजे ताकदीचाच, आकडा मिळतो. आरएसआरपी उणे 80 च्या आसपास म्हणजे मस्त, उणे 100 म्हणजे चालतंय, उणे 115 च्या खाली गेलं की ओढाताण. आकडा 3 डीबी (डेसिबल) वाढला की पॉवर दुप्पट आणि 10 वाढले की दहापट, त्यामुळे पाच-सहा डीबीलाही कमी समजू नका.

राऊटर एका जागी ठेवा, स्वतः दूर उभे राहा (आपलं शरीरही सिग्नल अडवतं), मिनिटभर बघा आणि सगळ्यात खाली गेलेला आकडा कागदावर लिहा. सगळ्यात वरचा नाही. कॉल तुटतो तो खाली गेल्यावरच. बँड (म्हणजे कोणती फ्रिक्वेन्सी) कोणता आहे तेही बाजूला लिहा, मधेच बँड बदलला तर तुलना फुकट जाते.

आता आकडे काय सांगतात ते बघा. आरएसआरपी कुठेही सरकवा, उणे 115 लाच चिकटून आहे, तर सिग्नलच कमजोर आहे, छतावर अँटेना लावावा लागेल. आकडा चार बोटांत दहा-दहा डीबी उड्या मारून राहिलाय, तर फेडिंग. आणि आरएसआरपी उणे 85 पण एसआयएनआर 2-3 च, तर दुसऱ्या टॉवरचा सिग्नल मधे घुसतोय, तिथे चार बोटांनी फार फरक पडणार नाही.

फेडिंगवर सगळ्यात भारी औषध म्हणजे दुसरा अँटेना. हिशोब सोपा आहे, एक अँटेना दहातल्या एका वेळी मेलेल्या जागी सापडत असेल आणि दुसरा त्याच्यापासून स्वतंत्र असेल, तर दोघंही एकाच वेळी मरायची शक्यता शंभरात एक. यालाच डायव्हर्सिटी म्हणतात. म्हणून राऊटरचे दोन दांडे शेजारी शेजारी सरळ उभे ठेवू नका, एक उभा आणि एक आडवा करून बघा. बाहेरचा अँटेना घेताना दोन वायरींचा, क्रॉस पोलराइज्ड (आत दोन अँटेना एकमेकांना काटकोनात असलेला) घ्या आणि दोन्ही पोर्ट जोडा. दुकानदार एकच वायरवाला स्वस्तात देतो, पण मग एका पोर्टचं काम कच्चंच राहतं आणि या हिशोबाचा फायदाच मिळत नाही.

वायरीत कंजुषी नको. पातळ आरजी-58 वायर दहा मीटर टाकली तर 1800 ला 7-8 डीबी वायरच खाते, म्हणजे अँटेनाची कमाई गेली. जाड एलएमआर-400 तेवढ्याच लांबीला साधारण 2 खाते. जॉइंटला रबराची टेप नीट गुंडाळा, पाणी शिरलं की सगळं संपलं. आणि आपल्याकडे मे-जूनमधे विजा कशा कडाडतात माहीत आहे, पाइपला अर्थिंग केल्याशिवाय छतावर काही चढवू नका.

बाजारात मिळणारे मोबाइल बूस्टर मात्र घेऊ नका. लायसन्सशिवाय ते बेकायदेशीर आहेत, आणि अख्ख्या मोहल्ल्याचं नेटवर्क बिघडवतात. फक्त कॉलचा त्रास असेल आणि घरी ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा, पैसे लागत नाहीत.

आमच्याकडे शेवटी काय झालं, राऊटर आलमारीवरून उचलला, कूलर नसलेल्या खिडकीजवळ लाकडी फळीवर ठेवला आणि तिथेही सरकवत सरकवत जागा शोधली. खालचा आकडा उणे 111 होता तो उणे 98 झाला, फळीवर पेनानं खूण करून ठेवलीय. पावसाळ्यात कूलर निघाला की परत मोजतो, खोलीतलं लोखंड हललं की मेलेल्या जागाही हलतात.